एक मॉप कमी आहे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘कामाच्या ठिकाणचं सहभागी नेतृत्व’ या विषयावर बोलाल का, असं मला विचारलं तेव्हा मी बिचकलेच. हे शब्द मॅनेजमेंटच्या पुस्तकातले. मी चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली. माझं नेतृत्व चाललं ते ट्रॉलीवरच्या कात्र्या-चिमट्यांवर. पण थिएटर हीसुद्धा कामाचीच जागा, आणि तिथे साहेब कोण नि हाताखालचा कोण हे कुठल्याही कचेरीपेक्षा जास्त स्पष्ट असतं. तेव्हा तिथलंच सांगते.

नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. रक्त टिपायला जे जाड कापडी मॉप वापरतात, ते आधी मोजायचे, भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं आकडा लिहायचा आणि पोट बंद करण्यापूर्वी पुन्हा मोजायचे, ही पद्धत. फळ्यावर दहा होते. माझ्या मोजणीत नऊ भरले. मी म्हटलं, “सर, एक मॉप कमी आहे.” सर मान वर न करता म्हणाले, “सिस्टर, मोजायला शिका.” मी पुन्हा मोजले. नऊच. सरांनी टाके घालायला सुरुवात केली होती. बाहेर पुढचा पेशंट थांबलेला, घड्याळात अडीच वाजलेले, सकाळपासून कुणाच्या पोटात चहासुद्धा नाही. आणि श्रोतेहो, माझ्या तोंडून दुसऱ्यांदा ते वाक्य निघालं नाही. असेल कुठेतरी बादलीत, अशी मी माझीच समजूत घातली.

आठव्या दिवशी त्या बाईंना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. मॉप आतच होता. बाई वाचल्या. पण शेतमजूर होत्या त्या, दोन महिने त्यांची मजुरी बुडाली, नि सुगीचे दिवस होते. संध्याकाळी सरांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता नोकरी जाणार. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “सिस्टर, दुसऱ्यांदा का नाही सांगितलंत?” मी खाली बघत उभी राहिले. ‘तुम्ही पहिल्यांदा ऐकलं नाहीत म्हणून,’ हे उत्तर मला सुचलं ते फार वर्षांनी. सर वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगते. त्यांच्यासारखा हात मी नंतर पाहिला नाही. म्हणूनच तर सगळे गप्प बसत. माणूस जितका निष्णात, तितकं त्याला टोकणं अवघड.

हाच प्रकार विमानात घडला की काय होतं, ते जगानं २७ मार्च १९७७ या दिवशी पाहिलं. स्पेनच्या ताब्यातल्या तेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. त्यातल्या डच विमानाचा कप्तान कंपनीतला अत्यंत नावाजलेला, इतर वैमानिकांना शिकवणारा. परवानगी मिळण्याआधीच तो निघू लागला, तेव्हा सहवैमानिकानं त्याला एकदा थांबवलं होतं. काही क्षणांनी कप्तान पुन्हा निघाला, तेव्हा मात्र तो अडवू शकला नाही. मागे बसलेल्या इंजिनिअरनं विचारलं, की समोरचं विमान अजून धावपट्टीवरून हटलं नाही का? कप्तानानं ठासून सांगितलं, हटलंय. मग पुन्हा कुणी विचारलं नाही. धुकं, संदेशातले घोळ, उशीर अशी कारणं पुष्कळ होती. पण मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमचा फळा दिसला. दहा आणि नऊ.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंडजवळ एका विमानातलं इंधन हवेतच संपलं. कप्तान चाकांच्या बिघाडात इतका गुंतला होता, की इंधनाबद्दल हाताखालच्यांनी केलेल्या सूचना त्याच्यापर्यंत नीट पोहोचल्याच नाहीत. दहा जण दगावले. यानंतर मात्र विमान कंपन्यांनी वैमानिकांना नव्यानं शिकवायला घेतलं. उडवायला नव्हे, तर एकमेकांशी बोलायला. हाताखालच्यानं शंका स्पष्ट बोलायची आणि कप्तानानं ती मागून घ्यायची. जुन्या कप्तानांनी याची टिंगल केली, हेही खरं.

टिंगलीला उत्तर १९८९ च्या जुलैत मिळालं. अल हेन्स नावाच्या कप्तानाच्या विमानाचं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि विमान वळवण्याची सगळी यंत्रणाच निकामी झाली. अशा वेळी काय करायचं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. प्रवाशांमध्ये वैमानिकांना शिकवणारा एक जण होता. तो मदतीला आला. हेन्सनं त्याला आत घेतलं, उरलेल्या दोन इंजिनांचे दांडे त्याच्या हाती दिले आणि चौघांनी मिळून ते विमान स्यू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. विमान उतरताना मोडलं, पण २९६ जणांपैकी १८४ वाचले. हेन्स नंतर आयुष्यभर श्रेय या शिकवणुकीला आणि बरोबरच्यांना देत राहिले. काही लोकांना वाटतं, सगळ्यांचं ऐकायचं म्हणजे मतदान घ्यायचं. तसं नाही. त्या विमानात कप्तान एकच होता. निर्णय त्याचाच होता, फक्त डोळे चौघांचे होते.

आमच्या क्षेत्रात हे वारं उशिरा आलं. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी एकोणीस प्रश्नांची एक यादी काढली. त्या कामाचे प्रमुख होते डॉ. अतुल गावंडे, जन्म अमेरिकेतला, पण वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. जगातल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीतलंही एक होतं. मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. यादीत पेशंटचं नाव, कुठली बाजू, मॉप मोजले का, असे साधे प्रश्न. पण मला आवडलेली गोष्ट वेगळीच. चाकू लावण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं! एकदा स्वतःचा आवाज त्या खोलीत उमटला, की पुढे तोंड उघडायला जड जात नाही.

अर्थात कागद म्हणजे जादू नव्हे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात शंभराहून अधिक रुग्णालयांत ही यादी आली, पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथे मृत्यूंमध्ये फारसा फरक आढळला नाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. पेशंट घरी गेल्यावर एकदम दहा कागदांवर टिकमार्क करणारे महाभाग मीही पाहिलेत. साहेबांनी घड्याळाकडे बघत “सगळ्यांना मान्य आहे ना?” विचारलेली मीटिंग आणि हा कागद, दोन्ही सारखेच.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्याकडे एक तरुण सर्जनबाई आल्या. त्या यादी संपल्यावर आमच्या वॉर्डबॉयला, म्हणजे मामांना, विचारायच्या, “मामा, तुम्हाला काही सांगायचंय?” पहिला महिनाभर मामा नुसते लाजायचे. मग एका सकाळी, पेशंट टेबलावर असताना, म्हणाले, “मॅडम, पोराला आजीनं सकाळी चहा-बिस्कीट दिलंय. मी पेला बघितला.” भूल देताना पोट रिकामं नसेल तर अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. फाईलवर ‘उपाशी’ असा शेरा होता, खाली सही होती. बाईंनी आजीला आत बोलावून विचारलं. ती म्हणाली, “लेकरू रडत होतं हो.” ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. मामा कधीपासून पेले बघत होते, कोण जाणे. विचारलं कुणी नव्हतं.

आता मी निवृत्त आहे. महिन्यातून एकदा नर्सिंगच्या मुलींना शिकवायला जाते. त्यांना ओळीनं उभं करून एकच वाक्य मोठ्यानं म्हणायला लावते, “सर, एक मॉप कमी आहे.” पहिल्यांदा सगळ्या खणखणीत म्हणतात. मग मी सर होते, मान वर न करता म्हणते, “मोजायला शिका.” आणि पुन्हा म्हणा सांगते. मुली हसतात, एकमेकींकडे बघतात, आवाज अर्ध्यावर येतो. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा म्हणायला लावते. शेजारच्या वर्गातून तक्रार येईपर्यंत.