छपाई न करतां खर्च होणारी शाई



पुणें शहराचा आणि छपाईचा संबंध जुना आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 1878 सालीं येथें चित्रशाळा काढली, आणि 1881 सालीं ‘केसरी’ निघूं लागला. त्याच्याही पुष्कळ अगोदर, 1831 सालीं, मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं शिळाछापावर पंचांग छापलें. त्यासाठीं लागणारी शाई त्यांनीं स्वतःच्या खटपटीनें तयार केली होती. ज्यास शाई स्वतः घोटावी लागे, त्यास तिच्या थेंबाची किंमत कोणी सांगावयास नको होती. आज शाई पेटींत बंद होऊन येते. तींतील किती कागदावर पडली आणि किती कागदाला न शिवतांच गेली, हें विचारलें तर पुष्कळ छापखानेवाल्यांस उत्तर देतां येत नाहीं. रुंद कागदावर व फ्लेक्सवर छापणारीं यंत्रें स्वतःला स्वच्छ करण्याकरितां जी शाई ओतून टाकतात, तिचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

अप्पा बळवंत चौकाच्या आसपास फिरून पाहिलें, तर लग्नाच्या फलकापासून इमारतीच्या आराखड्यापर्यंत सर्व कांहीं तासाभरांत छापून देणारीं दुकानें दिसतात. कोठें 24 इंची, कोठें 44 अथवा 64 इंची गुंडाळीवर छापणारें यंत्र असतें. फ्लेक्सचीं यंत्रें तर दहा दहा फूट रुंद असतात. या यंत्रांत खिळे नाहींत, ठसे नाहींत आणि दाबही नाहीं. यंत्राचें जें ‘हेड’ इकडून तिकडे धांवतें, त्याच्या तळाशीं केंसाहून बारीक अशीं शेंकडों छिद्रें असतात. कारागीर त्यांस नोझल म्हणतात. त्यांतून शाईचे थेंब कागदावर उडतात. एका लिटराचे दहा लक्ष भाग करावे, त्यांतील एका भागाचे पुनः दहा लक्ष भाग करावे. अशा सूक्ष्म चार-पांच भागांचा एक थेंब, इतकें हें काम नाजूक आहे. द्रवाची धार तुटून तिचे थेंब कां होतात, याचें गणित लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानें मांडलें, तें सालही 1878 च. म्हणजे चित्रशाळेचें व या विद्येचें वय जवळजवळ एकच आहे.

परंतु ज्या बारकाव्यामुळें चित्र सुबक उठतें, त्यांतच दुखण्याचें मूळ आहे. छिद्राच्या तोंडाशीं शाई हवेस उघडी असते. चैत्र-वैशाखांतील पुण्याची दुपार किती कोरडी असते, हें सर्वांस ठाऊक आहे. अशा हवेंत शाईंतील पाणी उडून जातें, रंगाचे कण तोंडाशीं घट्ट बसतात, आणि चित्रांत आडवी पांढरी रेघ दिसूं लागते. हें होऊं नये म्हणून यंत्रास सफाईची सोय केलेली असते. हेड बाजूस जाऊन एका रबरी टोपणावर बसतें; टोपणाखालचा पंप छिद्रांतून शाई ओढून घेतो; रबराची पट्टी हेडाचा तळ पुसून काढते; नंतर प्रत्येक छिद्र थोडी शाई थुंकून मोकळें होतें. ही सर्व शाई ज्या डब्यांत जाते, त्यांत शाई शोषणारा जाड नमदा भरलेला असतो. कांहीं यंत्रांतील डब्यावर मोजणी ठेवणारी चकती असते. डबा भरल्याची खूण झाली कीं, नवा बसवीपर्यंत यंत्र चालत नाहीं.

येथपर्यंत यंत्राकडे कांहीं दोष जात नाहीं. पुढील दोन गोष्टी मात्र ध्यानांत घेतल्या पाहिजेत. पहिली ही कीं, पुष्कळ यंत्रांत अनेक रंगांवर टोपण एकच असतें. पिवळ्या रंगाचें एक छिद्र बुजलें, तरी निळा, किरमिजी व काळा हे रंगही त्याबरोबर ओढले जातात. दुसरी ही कीं, जुन्या यंत्रांस आपलें छिद्र बुजलें आहे किंवा नाहीं हें दिसत नाहीं. तीं घड्याळावर चालतात. अमुक तास झाले, कीं सफाई. वीज बंद होऊन पुनः आली, कीं सफाई. नवी पेटी बसविली, कीं सफाई. नवीन यंत्रांपैकीं कांहीं छिद्रांची तपासणी स्वतः करतात आणि जेथें खोळंबा असेल तेवढाच भाग धुतात. पण तशीं यंत्रें प्रत्येक दुकानांत नाहींत.

आतां एका दुकानाचें उदाहरण घेऊं. मालक काटकसरी आहे. विजेचें बिल वाढूं नये म्हणून तो रोज रात्रीं मुख्य बटण बंद करून घरीं जातो. पुण्यांत देखभालीसाठीं वीज बंद ठेवण्याचा वार बहुधा गुरुवार असतो. त्या दिवशीं छपाई चालू असतांनाच वीज गेली. हेड वाटेंतच थांबलें, टोपणावर बसलें नाहीं, आणि दुपारभर कोरड्या हवेंत उघडें राहिलें. शुक्रवारीं सकाळीं यंत्र सुरू होतांच त्यानें आपणहून एक सफाई केली. कारागिरानें नमुना काढला व म्हणाला, “मालक, काळ्याची एक रेघ तुटते आहे.” मालक म्हणाला, “अरे, मग आणखी एकदां क्लीनिंग मार.” एकदांचें दोनदां झालें, दोनदांचें चारदां झालें. चौथ्या वेळीं एका रेघेच्या जागीं सहा रेघा तुटल्या. वारंवार ओढल्यामुळें शाईबरोबर हवेचे बुडबुडे आंत शिरले होते. बुडबुडे बसावयास कांहीं तास विश्रांति हवी होती. ती न देतां मालकानें सर्वांत मोठी सफाई लावली. ज्या कामासाठीं गिऱ्हाईक खोळंबून होतें तें काम शेजारच्या दुकानांत गेलें. विजेचे चार आणे वांचविण्याच्या पायीं शाईची पेटी रिकामी झाली.

हा खर्च डोळ्यांस दिसत नाहीं, कारण तो कोणत्याच बिलांत लिहिला जात नाहीं. हिशेब समजण्यापुरतें असें धरूं कीं, एका साध्या सफाईंत सर्व रंगांची मिळून 8 मिलिलिटर शाई जाते. रोज एक सफाई व महिन्याचे 25 दिवस काम, तर महिन्याची 200 मिलिलिटर आणि वर्षाची 2400 मिलिलिटर शाई झाली. 700 मिलिलिटरच्या तीन पेट्या भरून वर 300 मिलिलिटर उरेल, इतकी ती आहे. खरा आंकडा प्रत्येकानें आपल्या यंत्राचा काढावा, आणि तो काढणें कठीण नाहीं. सफाईच्या आधीं वेस्ट डब्याचें वजन ग्रॅमच्या कांट्यावर करावें, सफाई होतांच पुनः करावें. वाढलेलें वजन म्हणजे गेलेली शाई. पाण्याच्या शाईचा एक मिलिलिटर सुमारें एका ग्रॅमचा असतो, म्हणून वेगळा हिशेब लागत नाहीं. हा आंकडा कळला, तरच चौरस फुटाचा दर विचारपूर्वक ठरवितां येतो.

याच्या उलट टोंकाची चूक करणारेही आहेत. शाई वाया जाते असें कळतांच ते आपोआप होणारी सफाई बंदच करून टाकतात. गणेशोत्सवाची गर्दी सरते, पितृपक्ष लागतो, काम थंडावतें, आणि यंत्र पंधरा दिवस झांकून ठेवलें जातें. पंधरवड्यानें झांकण काढावें तों शाई हेडांत वाळलेली. शाईच्या पेटीपेक्षां हेडाची किंमत कितीतरी अधिक असते. तेव्हां सफाईंत जाणारी शाई ही हेडाच्या विम्याचा हप्ता आहे, असेंच समजलें पाहिजे. तो भरावयाचा, पण गरजेहून अधिक भरावयाचा नाहीं. यंत्र विकणाराच शाई विकतो, म्हणून सफाई मुद्दाम वाढविलेली असते, असें कित्येक म्हणतात. शाई खपल्यानें त्याचा फायदा होतो हें खरें. पण हेड बिघडलें तर हमीच्या मुदतींत भुर्दंड त्यालाच बसतो, हेंही विसरूं नये. दोन्ही हेतु एकाच दिशेस ओढतात, आणि मधल्यामध्यें पैसा मात्र दुकानदाराचा जातो.

मग उपाय काय? यंत्राच्या माहितीपुस्तकांत मना केलेलें नसेल, तर रात्रीं मुख्य वीज तोडूं नये. यंत्राच्याच बटणानें तें निजवावें, म्हणजे हेड टोपणावर बसून राहतें. वीज जाईल तेव्हां हेड जागेवर नेण्यापुरती तरी वेळ मिळावी, म्हणून लहानसा यूपीएस जोडावा. काम नसेल त्या दिवशींही सर्व रंग असलेली एक अरुंद पट्टी छापावी. तिला लागणारी शाई सफाईच्या मानानें फार थोडी असते. सफाईपूर्वीं छिद्रांचा नमुना काढून पाहावा. तो निर्दोष असेल तर हातानें सफाई करूं नये. एक-दोन सफायांनीं रेघ सुटली नाहीं, तर कांहीं तास थांबावें. उन्हाळ्यांत खोलींतील हवा फार कोरडी होऊं देऊं नये, आणि टोपणाची कड व पुसण्याची पट्टी ठरल्या दिवशीं साफ करावी; तीच मळलेली असेल, तर सफाई होऊनही उपयोग होत नाहीं.

शेवटचा प्रश्न दुकानाबाहेरचा आहे. डब्यांत साठलेली शाई कोठें जाते? पुष्कळ ठिकाणीं ती मोरींत ओतली जाते. फ्लेक्सच्या शाईंत पाण्याऐवजीं उग्र द्रावकें असतात. त्यांचा वास खोलींत कोंडतो आणि कारागिराच्या डोक्यांत भिनतो. म्हणून हातमोजे व उघडी खिडकी हीं तेथें अवश्य पाहिजेत. पेठांतील मोऱ्यांचें पाणी शेवटीं मुठेकडे जातें. मुठा मुळेस मिळते, मुळामुठा भीमेस मिळते, आणि भीमेचें पाणी उजनीच्या धरणांत सांठतें. सोलापूरकडील लोक तें पितात. घातक कचऱ्यासंबंधीं 2016 सालीं जे नियम झाले, त्यांच्या यादींत रंग व शाई यांच्या औद्योगिक वापरांतून निघणारा गाळ व अवशेष घातलेले आहेत, आणि पुणें जिल्ह्यांत रांजणगांव येथें असा कचरा घेणारें केंद्रही आहे. एकट्या लहान दुकानास तेथवर चार लिटर शाई पाठविणें परवडणार नाहीं. पण एका गल्लींतील दहा दुकानदारांनीं आपापली शाई घट्ट बुचाच्या कॅनमध्यें सांठविली, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून अधिकार मिळालेल्या वाहतूकदारास एकत्र बोलाविलें, तर वांटणीस येणारा खर्च सोसण्याजोगा होईल.

या सर्वास मोठी विद्या लागत नाहीं. यंत्राशेजारीं दोऱ्यानें बांधलेली एक वही पुरे. किती वाजतां सफाई झाली, कां झाली, आणि डब्याचें वजन किती वाढलें, हीं तीन टिपणें कारागिरानें महिनाभर ठेवावींत, आणि महिन्याच्या अखेरीस मालकानें त्याच्या शेजारीं बसून तीं वाचावींत. पुढच्या शुक्रवारीं रेघ तुटली, तर क्लीनिंगचें बटण दाबण्यापूर्वीं दोघांचाही हात क्षणभर थांबेल.