फोकस हातानेच!

पाऊस सरत आला की ठाण्याच्या ओवळेकर वाडीत, येऊरच्या पायवाटांवर कॅमेरेवाले फुलपाखरं टिपायला पानांखाली वाकलेले दिसतात. काही कल्याण-डोंबिवलीहून पहाटेची लोकल धरून आलेले. नवी मॅन्युअल मॅक्रो लेन्स येणार म्हटलं की यांचे कान टवकारतात. ऑटोफोकस नसताना कौतुक कसलं? सांगतो. दुप्पट मोठं दाखवणाऱ्या लेन्समध्ये जेमतेम १८ मिलिमीटरची जागा फुलफ्रेम सेन्सरची रुंदी व्यापते. तिथे स्पष्ट दिसणारा पट्टा मिलिमीटरहूनही बारीक, ऑटोफोकस नुसता चाचपडतो. सरावलेला माणूस रिंग लावून ठेवतो, श्वास रोखतो आणि स्वतःच किंचित पुढेमागे होतो. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये नीलवंताच्या, म्हणजे २०१५मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉर्मनच्या, डोळ्याची कड फोकस जुळल्याची खूण म्हणून रंगीत झाली की दाबायचं बटण! वारा मात्र पडलेला हवा. म्हणून वाडी सकाळीच गाठा.