कानाचे दडे आणि प्रश्नावलीचे गुण
(ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बेळगावहून गोव्याकडे येताना चोर्ला घाटात कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, हा अनुभव आपणांपैकी अनेकांना आहे. दडे सुटतात ते यूस्टेशियन नलिकेमुळे. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाची यांच्या नावाने ओळखली जाणारी ही नलिका मध्यकर्णाला नाकामागील घशाशी जोडते. एरवी ती मिटलेली असते. गिळताना वा जांभई देताना ती क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा होतो. सर्दीने तिचे अस्तर सुजले म्हणजे हे कार्य बिघडते. अशा वेळी कानात तेल घालून उपयोग नाही. पडदा शाबूत असता ते नलिकेपर्यंत पोहोचतच नाही.

हा विकार ओळखण्यास साहाय्य व्हावे म्हणून अमेरिकेतील मॅककॉल, आनंद व ख्रिस्तोस या संशोधकांनी २०१२ साली प्रौढांसाठी सात प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या महिनाभरात कानात दाब, वेदना, दडे, सर्दीच्या वेळी होणारा त्रास, चटचट आवाज, गुणगुण आणि मंद ऐकू येणे यांचा किती उपद्रव झाला, हे तीत विचारले जाते. प्रत्येक उत्तरास १ ते ७ गुण असतात. म्हणजे बेरीज ७ ते ४९ च्या दरम्यान येते. ती साडेचौदाच्या वर गेल्यास विकाराचा संशय घ्यावा, असे त्यांनी सुचविले.

परंतु संशय म्हणजे निदान नव्हे. रुग्णास काय जाणवते हे प्रश्नावली सांगते. का जाणवते हे सांगत नाही. जबड्याच्या सांध्याचे दुखणे, आंतरकर्णाचे विकार, इतकेच नव्हे तर नलिका नको तितकी उघडी राहणे, या सर्वांत गुण वाढू शकतात आणि प्रत्येकाचा उपचार मात्र निराळा असतो. म्हणूनच २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या एकमताच्या निवेदनात लक्षणांच्या जोडीला मध्यकर्णातील दाब बिघडल्याचा पुरावा आवश्यक मानला आहे. तो पडद्याच्या तपासणीतून व टिंपॅनोमेट्री या दाबचाचणीतून मिळतो.

यात एक मोठा धोका आहे. एका कानाची श्रवणशक्ती एकाएकी गेली तरी मनुष्य "दडे बसले" असेच म्हणतो आणि ते सुटण्याची वाट पाहत बसतो. वस्तुतः हा आंतरकर्णाचा तातडीचा आजार असू शकतो. साध्या नादकाट्याच्या परीक्षेनेही डॉक्टरांना फरकाचा अंदाज येतो, आणि उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू होणे हिताचे असते. तसेच प्रौढ माणसाच्या एकाच कानाचे दडे आठवडेच्या आठवडे सुटत नसतील, तर नाकामागील भागाची तपासणी करून घ्यावी. क्वचित तेथील गाठ हे त्याचे कारण असते.

शिक्षकांना एक विनंती. मध्यकर्णात पाणी साठलेले लहान मूल तक्रार करीलच असे नाही. वर्गात वारंवार "काय?" विचारणाऱ्या वा लक्ष न देणाऱ्या मुलास दटावण्यापूर्वी त्याचे कान तपासून घेण्यास पालकांना सांगावे.

मग प्रश्नावलीचा उपयोग काय? रुग्णाची तक्रार नेमकी मांडली जाते आणि उपचारापूर्वीचे व नंतरचे गुण ताडून पाहता येतात. तो कागद अवश्य भरावा. मात्र तो घरी न ठेवता घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे, एवढेच आपणांस आग्रहाने सांगून मी आपली रजा घेतो.