आपल्या संगणकातून जाणारी वाट



संमेलनाध्यक्षाने मुक्त सॉफ्टवेअरच्या सगळ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो आज मोडतो. मला एकाच कामाबद्दल बोलायचे आहे आणि तुमच्याकडे काही मागायचे आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या महसा अमिनीचा तेहरानमध्ये मृत्यू झाला. इराणभर लोक रस्त्यावर उतरले. सरकारने इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद केले. त्याच दिवसांत टॉर प्रकल्पाच्या ‘स्नोफ्लेक’ या अडवणूक चुकवणाऱ्या साधनाचा वापर एकाएकी कितीतरी पटींनी वाढला. त्या लोकांना बाहेरची वाट करून देणाऱ्यांत कुठकुठल्या देशांत घरी बसलेले, इराण कधी न पाहिलेले असंख्य लोक होते.

टॉरमध्ये आपली माहिती कूटबद्ध होऊन स्वयंसेवकांच्या तीन संगणकांतून जाते, हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे. अडचण अशी, की या संगणकांचे पत्ते जाहीर असतात. सरकारने यादी उतरवून घेतली की दार बंद. म्हणून यादीत नसलेले प्रवेशाचे संगणक, म्हणजे ‘ब्रिज’, आले. तेही हुडकले जाऊ लागले. स्नोफ्लेकने या पाठलागातली मेख ओळखली. ब्राउझरला एक छोटे एक्स्टेन्शन जोडायचे, बस्स. ब्राउझर उघडा असेपर्यंत तुमचा संगणक कुणासाठी तरी टॉरकडे जाणारी वाट होतो. जोडणी वेबआरटीसीची, म्हणजे व्हिडिओ कॉलसाठी वापरतात त्याच तंत्राची. तुम्ही ब्राउझर बंद केला की वाट मिटते, दुसऱ्या कुणाकडे उघडते. अशा पत्त्यांची यादी करायला बसलेला माणूस थकतो.

ब्राउझरच्या कोपऱ्यातले एक्स्टेन्शनचे चिन्ह हिरवे झाले, की समजायचे, आत्ता कुणीतरी आपल्यामार्फत जात आहे. त्यावर क्लिक केले तर गेल्या चोवीस तासांत किती जणांना उपयोग झाला, तो आकडा दिसतो. नाव नाही, गाव नाही. मला या कामातली हीच गोष्ट फार मोलाची वाटते.

हे साधन अभेद्य नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने टॉर अडवायला घेतले, तेव्हा स्नोफ्लेकची जोडणी जुळतानाच्या पहिल्या देवाणघेवाणीतली एक बारीक खूण हेरून तेही अडवले. ती खूण शोधून काढावी लागली, बदलावी लागली. हे असेच चालत राहणार, आणि म्हणूनच कोड वाचणारी माणसे सतत हवीत. शिवाय अख्खे इंटरनेटच तोडले, जसे ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये तोडले, तर स्नोफ्लेक काहीही करू शकत नाही. तिथे लढाई न्यायालयात आणि जनमतातच लढावी लागते.

‘पण पोलीस माझ्या दारात आले तर?’ हा प्रश्न रास्त आहे. स्नोफ्लेक चालवणारा हा साखळीतला शेवटचा दुवा नसतो. समोरच्या संकेतस्थळाला तुमचा आयपी पत्ता दिसत नाही. तुमच्यामार्फत जाणाऱ्या माणसाने काय वाचले, हे तुम्हालाही कळत नाही. टॉरच्या तीन संगणकांपैकी शेवटचा, म्हणजे ‘एक्झिट’ रिले चालवणे ही मात्र वेगळी गोष्ट. तिथे तक्रारी चालवणाऱ्याच्या नावावर येतात. तो घरून चालवा, असे मी कुणालाही सांगणार नाही. या वाटांचा गैरवापर होतो का? होतो. पण बातमी वाचण्यासाठीही ज्याला लपावे लागते, त्याची वाट त्यापायी बुजवणे मला मान्य नाही.

आता मागणे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अमर्याद ब्रॉडबँड आहे आणि दिवसभर ब्राउझर उघडा असतो. आज घरी गेल्यावर ते एक्स्टेन्शन बसवा. ज्यांची लेखणी चांगली आहे, त्यांनी ही साधने कशी चालतात, कुठे थिटी पडतात आणि वापरणाऱ्याने कोणती काळजी घ्यायची, हे मराठीत नेटके लिहून काढावे. तपासायला मी बसतो. पुढच्या संमेलनाची वाट न पाहता मजकूर माझ्याकडे पाठवा.