पाणी कधी तोडायचं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



माझं लग्न ठरायच्या सुमारास नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझा बायोडाटा मराठीत लिहून घेतला आणि हुद्द्यापुढे लिहिलं, 'उत्पादन व्यवस्थापक'. पाहुण्यांपैकी एका काकांनी विचारलं, "मुलीला रात्रपाळी असते का हो?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. प्रॉडक्शनलाही आपण उत्पादन म्हणतो आणि प्रॉडक्टलाही उत्पादनच. कारखान्यात माल काढून घेतो तो प्रॉडक्शन मॅनेजर. तो माल कसा असावा, कुणासाठी असावा आणि घेणाऱ्याच्या उपयोगाला पडतो की नाही, हे बघतो तो प्रॉडक्ट मॅनेजर. आज मी ह्या दुसऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे. तो धाकट्या जागेवरून वरच्या जागेपर्यंत कसा पोचतो आणि पोचताना त्याला स्वतःत काय काय बदलावं लागतं, याबद्दल.

बारामतीच्या रस्त्यावर उभं राहिलं तर दहा मिनिटांत दोन-चार तरी ॲपे रिक्षा जातात. पियाजिओ कंपनीनं ही तीनचाकी १९४८ साली इटलीत काढली. ॲपे म्हणजे इटालियन भाषेत मधमाशी. महायुद्धानंतरच्या इटलीत लहान दुकानदाराला माल वाहायला स्वस्त गाडी हवी होती, त्यातून ती जन्मली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीचा कारखाना बारामतीच्या एमआयडीसीत आला. आता विचार करा. इटलीतल्या दुकानदाराची गाडी आपल्याकडे दुधाचे कॅन वाहणार, कांद्याची पोती वाहणार आणि बाजाराच्या दिवशी माणसंही वाहणार. इंजिन डिझेलचं घ्यायचं का? हौदा किती लांब ठेवायचा? किंमत किती ठेवली तर कर्जाचा हप्ता धंद्यातून निघेल? इंजिनिअरला गाडी बनवता येते, विक्रेत्याला ती विकता येते. पण ह्या मधल्या प्रश्नांना कुणीतरी मालक लागतो. गंमत अशी की त्या मालकाच्या हाताखाली बहुधा कुणीच नसतं. इंजिनिअर त्याचे नसतात आणि विक्रेतेही त्याचे नसतात. हुकूम देता येत नाही, पटवून द्यावं लागतं.

ही जागा निर्माण झाली तीही एका धाकट्या माणसाच्या तक्रारीतून. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा एक तरुण १९२५ साली जाहिरात खात्यात कारकून म्हणून लागला. पुढे त्याच्याकडे कॅमे साबणाची जाहिरात आली. त्याचं दुखणं हे की बाहेरच्या साबणांशी झुंजायचंच, पण घरातल्याच आयव्हरी ह्या थोरल्या साबणापुढे कॅमेकडे कुणी बघत नाही. १९३१ च्या मे महिन्यात त्यानं वरिष्ठांना एक टिपण लिहिलं: प्रत्येक मालाला त्याचा स्वतःचा माणूस द्या, विक्री कुठे घटली ते त्यानं गावोगाव जाऊन बघावं, कारण शोधावं आणि उपाय सुचवावा. कंपनीनं ते मानलं. हेच मॅकेलरॉय १९४८ साली त्या कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९५७ साली अमेरिकेचे संरक्षणमंत्री. माझा नवरा म्हणतो, साबणातून तोफेत गेलेला हा एकच माणूस.

आता माझी गोष्ट. ती एवढी मोठी नाही.

इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या कडेला आमचं गाव. बारामतीला इंजिनिअरिंग केलं आणि पुण्यात एका लहानशा कंपनीत लागले. साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनी होती. माझं काम तक्रारींचे फोन घेण्याचं. हुद्दा ट्रेनी. कारखान्याच्या शेतकी खात्याचा कारकून फोनवर ओरडायचा आणि मी "हो सर, बघते सर" म्हणायचे. पण प्रत्येक तक्रार मी एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवायचे: कुणी केली, किती वाजता केली आणि त्या वेळी तो नेमकं काय करत होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी डेअरीच्या चिठ्ठ्या फॅटसकट लिहून ठेवायची पद्धत होती, तीच सवय. वर्षभरानं ती वही साहेबांच्या हाती पडली आणि त्यांनी मला असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर केलं. पगारात फार फरक पडला नाही.

त्या दिवसांत मी एक गोष्ट सुचवली आणि ती माझ्या हौसेनं झालीही. उसाची नोंद लागणीच्या तारखेप्रमाणे होते आणि तोडीचा क्रमही त्यावरूनच लागतो. मग शेतकऱ्याला मोबाईलवर थेट कळवलं तर? 'आपल्या उसाची तोड अमुक तारखेस.' वाटलं, आता शेतकी ऑफिसात हेलपाटे घालायला नकोत आणि मुकादमाच्या विनवण्याही नकोत. कारखान्यांना ही कल्पना एवढी आवडली की आमच्या विक्रीवाल्यांनी ती माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापली.

त्या हंगामात फेब्रुवारीत मी गावी गेले. रात्री जेवताना चुलते म्हणाले, "तुमच्या मेसेजनं यंदा आम्हाला वाळवलं, बाई."

झालं होतं ते असं. तोडीच्या आधी साधारण पंधरा दिवस उसाचं पाणी तोडतात. रान वाळून घट्ट झालं नाही तर ट्रॅक्टर फडात रुततो. चुलत्यांनी मेसेजमधली तारीख खरी धरून पाणी तोडलं. टोळी मात्र त्या तारखेला आली नाही. कुठे कोयते कमी पडले होते, कुठे गाडी बंद पडली होती, तर कुठे कुणाची ओळख मध्ये आली होती. टोळी आली ती सव्वीस दिवसांनी. तोवर ऊस बिनपाण्याचा उभा होता, आणि ऊस तर वजनावर विकला जातो. त्यांचा तोटा किती झाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. नाना खाली मान घालून जेवत होते.

श्रोते हो, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक नव्हती. तारखेचं गणित बरोबर होतं. आम्ही शेतकऱ्याला जे सांगत होतो ते त्याला हवंच नव्हतं. 'तोड कधी' हा कारखान्याचा प्रश्न. शेतकऱ्याचा प्रश्न 'पाणी कधी तोडू' हा. ह्या दोहोंत एक हंगाम बुडतो, हे मला ऊसवाल्याच्या घरात वाढूनही सुचलं नव्हतं.

सोमवारी साहेबांना म्हटलं, हे बंद करू या. ते म्हणाले, "पहिल्या पानावर छापलंय ते." विक्रीवाले चिडले. प्रोग्रॅमर म्हणाले, "आधी तुम्हीच मागितलं होतंत." मला तर कुणालाच हुकूम द्यायचा अधिकार नव्हता. मग दोन प्रोग्रॅमरना घेऊन मी चार दिवस चिटबॉयबरोबर हिंडले. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगते, चिटबॉय म्हणजे कारखान्याचा गावातला माणूस. उसाची नोंद तो करतो, तोडीची चिठ्ठी तोच देतो. आमचे हे दादा पन्नाशीचे होते, पण हुद्दा बॉयच! त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मला जे कळलं ते वर्षभराच्या फोनवर कळलं नव्हतं. शेतकऱ्यांचे म्हणून दिलेले कितीतरी नंबर पुण्यात नोकरीला असलेल्या मुलांचे होते. दुपारच्या उन्हात मोबाईलचा पडदा दिसायचा नाही, म्हणून दादा आधी हातावर पेनानं लिहायचे आणि रात्री घरी भरायचे. आणि टोळी कुठे जाणार हे त्यांना तारखेवरून नव्हे, तर ती आज कुणाच्या फडात आहे त्यावरून कळायचं.

परत येताना प्रोग्रॅमरच म्हणाले, तारीख काढून टाकू या. टोळी गावात शिरली आणि तुमच्या आधी किती फड उरले, एवढंच कळवू. पाणी कधी तोडायचं ते शेतकरी स्वतः ठरवेल. पुढच्या हंगामात तसं केलं. मेसेज दिसायला साधा झाला आणि विक्रीवाल्यांना शेवटपर्यंत आवडला नाही. पण ओरडणारे फोन निम्म्यावर आले.

यानंतर मी प्रॉडक्ट मॅनेजर झाले, मग सीनियर. पुढे कंपनी बदलली, माल बदलला. ह्या शिडीच्या पायऱ्या थोडक्यात सांगते. असोसिएटकडे एखादा तुकडा असतो, प्रॉडक्ट मॅनेजरकडे अख्खी वस्तू, ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजरकडे तीन-चार वस्तू आणि त्या सांभाळणारी माणसं. त्यावर डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट आणि सगळ्यात वर चीफ प्रॉडक्ट ऑफिसर. नावं कंपनीगणिक बदलतात, त्यांच्यामागे लागू नये. मधल्या पायरीवर मुख्य शिक्षण असतं ते 'नाही' म्हणण्याचं. मोठं गिऱ्हाईक सांगतं, आमच्यापुरतं एवढं वेगळं करून द्या. ते केलं की दुसऱ्याचं करावं लागतं आणि वर्षभरात वस्तूची गोधडी होते. 'नाही' म्हणावं, पण कारण सांगून आणि तोंडावर. मी अनेकदा 'बघते' म्हणून वेळ मारून नेली आहे, आणि ते शेवटी महागच पडलं.

वरच्या जागेवर गेल्यावर मी फसले ते वेगळ्याच ठिकाणी. माझ्या हाताखाली सहा जण आले. मला वाटायचं, आपण ह्या कामात तरबेज आहोत. मुलांनी लिहिलेला प्रत्येक कागद मी दुरुस्त करायचे. सहा महिन्यांनी लक्षात आलं की ही मुलं बाहेर जाईनाशी झालीत. एका मुलीला विचारलं तर ती सरळ म्हणाली, "ताई, शेवटी तुम्ही म्हणाल तेच होतं, मग कशाला जायचं?" त्या दिवशी मी घरी लवकर गेले. पुढे एक नेम केला. बाहेर दहा माणसं भेटून आल्याशिवाय कुणी माझ्याकडे कागद आणायचा नाही, आणि तशी भेटून आलेल्या माणसाचा निर्णय मला पटला नाही तरी बदलायचा नाही. हे बोलायला सोपं आहे. त्यातले दोन निर्णय चुकले, त्याचा जाब वर मी दिला. वरच्या जागेचा पगार त्यासाठीच असतो.

आणि प्रश्नही तिथे बदलतो. भवानीनगरवरून इंदापूरकडे जाताना वालचंदनगर लागतं. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या रानात साखर कारखाना काढला. पुढे ही कंपनी साखर कारखान्यांची यंत्रं बनवू लागली, मग सिमेंट कारखान्यांची, आणि नंतर इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची कवचंही तिथे बनू लागली. साखरेचं पोतं कसं असावं हा धाकट्याचा प्रश्न. आपण साखरच काढत राहायचं का, हा थोरल्याचा.

आता मुलं विचारतात, एआय आल्यावर ह्या कामाचं काय? खरं सांगते, टिपणं लिहिणं, तक्रारींची वर्गवारी करणं, तक्ते काढणं ही माझी ट्रेनी असतानाची कामं आता यंत्र मिनिटांत करतं. बारामतीतच पाहा. कृषी विकास ट्रस्ट, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांनी मिळून उसासाठी एआयचा प्रकल्प २०२४ मध्ये पुढे आणला. रानात संवेदक, वर उपग्रह आणि पाण्याचा, खताचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर. मला तो फार मोलाचा वाटतो. पण अशा कुठल्याही वस्तूच्या प्रॉडक्ट मॅनेजरला मी हेच विचारीन: आज पाणी द्या असा सल्ला सकाळी आला आणि ह्या आठवड्यात पंपाची वीज रात्रीची असली, तर? मोबाईल मुलाकडे आणि मुलगा हिंजवडीत असला, तर? रान वाट्यानं दिलेलं असलं, तर? हे यंत्राला विचारून कळेल, पण विचारायला हवं हे बांधावर उभं राहिलेल्यालाच सुचेल.

सुरुवात कुठून करावी, असं भिगवणपासून निमगाव केतकीपर्यंतची मुलं मला विचारतात. कॉम्प्युटरची पदवी असली तर बरं, नसली तरी अडत नाही. डेअरीच्या विक्रीतून, औषधांच्या दुकानातून, फोनवरच्या तक्रारखिडकीतून माणसं ह्या कामात आलेली मी पाहिली आहेत. गावातल्या दूध संकलन केंद्रावर आठ दिवस सकाळी जाऊन उभे राहा. यंत्र फॅट दाखवतं, चिठ्ठी छापतं. ती चिठ्ठी कोण वाचतं, कोण न वाचता खिशात घालतं, कुणाला त्यातला कुठला आकडा कळत नाही, हे लिहून काढा. मग त्या चिठ्ठीत काय बदलाल ते एका पानात लिहा. मुलाखतीला येताना ते पान घेऊन या. मी तरी प्रमाणपत्रांआधी तेच वाचीन.

नाना अजून ऊस लावतात. तोडीचा मेसेज त्यांना येतो, तरी दर हंगामात त्यांचा फोन येतोच, "पाणी तोडू का गं?" मी म्हणते, "नाना, चिटबॉयला विचारा." ते म्हणतात, "त्याला विचारलं. तो म्हणाला, ताईंना विचारा."