चिठ्ठीचें बिस्किट आणि जीवनाची भाकर
(ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आज आम्ही एका बिस्किटाविषयीं बोलणार आहों. हें ऐकून ज्यांना भूक लागली असेल त्यांनीं थोडा धीर धरावा. भोजनास अजून अवकाश आहे.

आपल्यांतील एका कुटुंबानें अमेरिकेहून परततांना आमच्यासाठीं 'फॉर्च्यून कुकी' नांवाचा खाऊ आणिला. तेथील चिनी खाणावळींत जेवणानंतर हें दुमडलेलें, पोकळ बिस्किट देतात. तें फोडिलें कीं आंतून भविष्याची चिठ्ठी निघते. गंमत अशी कीं, तें मुळीं चीनचें नव्हेच. जपानांत क्योतोच्या परिसरांत तशीं बिस्किटें पूर्वीं भाजीत. जपानी लोकांनीं तीं कॅलिफोर्नियांत नेलीं. आणि १९४२ सालीं त्या लोकांना छावण्यांत डांबण्यांत आल्यावर हा धंदा बहुतांशीं चिनी लोकांच्या हातीं गेला. दुसऱ्यांना भविष्य वाटणाऱ्या त्या बिचाऱ्यांना स्वतःचें भविष्य मात्र कोणत्याच चिठ्ठीनें कळविलें नाहीं!

आमच्या चिठ्ठींत लवकरच धनलाभ होईल असें होतें. दुसऱ्याच दिवशीं देवळाच्या कौलांचें बिल आलें. तथापि चिठ्ठ्या नेहमींच फसतात असेंहि नाहीं. ३० मार्च २००५ रोजीं अमेरिकेंतील पॉवरबॉल लॉटरींत एकदम ११० जणांना दुसरें बक्षीस लागलें. अधिकाऱ्यांना लबाडीचा संशय आला. चौकशीअंतीं कळलें कीं, बहुतेकांनीं बिस्किटांतील चिठ्ठीवर छापलेले आंकडे लाविले होते! सहांपैकीं पांच आंकडे जुळले. पहिलें बक्षीस मात्र चिठ्ठीलाहि साधलें नाहीं.

आपण हंसलां, परंतु आपल्याहि घरीं अशी चिठ्ठी आहे. नववर्षाच्या मिस्सेनंतर शास्त्रवचनांच्या चिठ्ठ्यांची टोपली आम्हीं स्वतः कैक वर्षें वेदीपाशीं ठेविली. एके वर्षीं एका मातेच्या हातीं आरोग्याचें वचन आलें. तिचा मुलगा अंथरुणाला खिळलेला होता. तिनें ती चिठ्ठी त्याच्या उशीखालीं ठेविली. ईस्टरपूर्वींच मुलगा गेला. चिठ्ठी आमच्या हातावर ठेवून तिनें विचारिलें, "फादर, देव खोटें बोलला काय?"

त्या दिवशीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आज तिच्याच संमतीनें सांगतों: देव खोटें बोलला नव्हता; आम्हीं त्याच्या वचनाचें बिस्किट केलें होतें. तेव्हांपासून ती टोपली आम्हीं उचलली. घरीं शास्त्र वाचावयाचें तर अख्खा अध्याय वाचावा, एक ओळ उपटून घेऊं नये.

कोणी म्हणेल, संत अगस्टीन यांनीं ३८६ सालीं मिलान येथील बागेंत पुस्तक उघडून पुढें येईल तेंच वाचिलें ना? होय, परंतु आपणांस काय मिळणार हें त्यांनीं तेथें शोधिलें नाहीं. काय सोडावयाचें हें त्यांना कळलें, आणि त्यांनीं तें सोडिलें. पुढें ह्याच संतांनीं यानुआरियुस यास लिहिलेल्या पत्रांत, संसारांतील कामांसाठीं शुभवर्तमानाच्या पानांतून कौल घेणें आपणांस आवडत नाहीं, असें स्पष्ट कळविलें.

बिस्किटांतील चिठ्ठी क्रूसाचें नांव घेत नाहीं. घेईल तर गिऱ्हाईक पळेल. प्रभूनें मात्र शिष्यांपासून क्रूस लपविला नाहीं, आणि शेवटपर्यंत सोबत राहण्याचें अभिवचन दिलें. ज्या पूर्वजांनीं हें देऊळ बांधिलें त्यांनाहि पुढें काय होणार हें ठाऊक नव्हतें. तरी त्यांनीं पाया खणिला.

ती माता मुलाच्या दफनानंतरच्या रविवारीं कोम्युनियनसाठीं आली. आम्हांस जें उत्तर सुचलें नव्हतें, तें तिला आधींच उमगलें होतें. वेदीवरील त्या भाकरींत चिठ्ठी नसते. तेथें स्वतः प्रभु असतो.

देव आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आतां भोजनास चलावें. बिस्किटेंहि आहेत, चिठ्ठ्या मात्र नाहींत.