चिनी देऊन दुसरी भाषा घ्याल?



चिनी शिकण्याच्या तिसऱ्या वर्षी एका सहाध्यायिनीने मला विचारले, "ही सारी मेहनत परत करून तेवढीच फ्रेंच मिळाली, तर घेशील?" मी तत्काळ "हो" म्हणालो. कारण उघड होते. 'मा' म्हटले की आई, सूर बदलला की घोडा, आणखी बदलला की शिव्या देणे! नित्य वापराची म्हणून चीनमध्ये १९८८ साली निवडलेली अक्षरचिन्हेच ३,५००. महिनाभर वही मिटली की निम्मी पुसली जातात.

आज माझे उत्तर वेगळे आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तिथे ते चिनी शिकले, त्याच भाषेत वैद्यक शिकवू लागले. रुग्ण ज्या भाषेत दुखणे सांगतो, ती बदलून मागता येत नाही.

माझ्यापुढे असा रुग्ण नव्हता. पण चिनीमुळे माझा कान बदलला. आपण मराठीत साधे 'हो' किती सुरांत म्हणतो, त्यात होकार किती आणि नाइलाज किती, हे मला चिनी शिकल्यावर ऐकू येऊ लागले. फ्रेंच घ्यायची तर हा कान परत करावा लागेल. तो सौदा मला मान्य नाही.